भुजा कुठवर जाते

बायको गेली तेव्हा एका दीर्घिकेचे निम्मे कागद खुणा करायचे राहिले होते.

थंड वायूच्या ज्या प्रचंड ढगांत तारे जन्मतात, ते दुर्बिणीच्या नकाशात डागांसारखे दिसतात. ते मांडत गेलं की दीर्घिकेच्या सर्पिल भुजा कुठून कुठे जातात ते कळतं. ठळक डाग संगणक शोधतो, अंधुकांचा निवाडा डोळ्यांनी करावा लागतो. माझे डोळे त्याला चालत नाहीत, कारण भुजा कुठे असायला हवी हे मला ठाऊक असतं. म्हणून मी नकाशाचे लहान तुकडे छापायचो, क्रम मोडायचो आणि बायकोपुढे ठेवायचो. भाजी निवडून झाली की पुंडलिकनगरच्या आमच्या बैठकीत ती लाल पेनने गोल करत बसायची. मी काही सांगायचो नाही, ती विचारायची नाही.

तेरावा झाला आणि उरलेले कागद मीच घेऊन बसलो. शोधनिबंध पाठवायचा होता. भुजा काठापर्यंत अखंड जाते, असा त्यात दावा होता. तुकडे जोडले. तिच्या तुकड्यांत भुजा अडखळत होती, तिला फाटे फुटत होते. माझ्या तुकड्यांत ती सुरेख वळून गेली होती. खोटा गोल मी एकही केला नव्हता, निदान जाणूनबुजून तरी नाही.

सहकारी बाईंना चित्र पाठवलं. ‘‘छान आलंय,’’ त्या फोनवर म्हणाल्या. मला त्याचीच धास्ती होती.

सोयगावहून आलेल्या सासूबाई अजून घरीच होत्या. पसरलेले कागद बघून म्हणाल्या, ‘‘हेच व्हय ते? लेक सांगायची, नवरा ढग हुडकाया बसवतो म्हणून.’’

‘‘आई, मी केलेले कागद पुन्हा बिनखुणांचे छापून देतो. कराल का?’’

‘‘मला काय कळतंय त्यातलं?’’

‘‘कळू नये म्हणूनच.’’

‘‘मग माझ्यासारखी दुसरी नाय घावायची, जावईबापू.’’

बायकोने खुणा केलेले दोन-तीन कागद त्यांना नमुन्याला दिले. त्यांवरून त्यांनी बराच वेळ बोट फिरवलं, मग चष्मा पुसला. बायकोपेक्षा त्या कडक निघाल्या. ‘‘हा नाय. हा नुसता मळ हाय.’’ माझा चेहरा त्यांना दिसू नये म्हणून मी आतल्या खोलीत बसलो, तरी कान तिकडेच.

दुसऱ्या दुपारी त्यांनी हाक मारली. हातात एक कागद होता. ‘‘इथं काहीच नाय. चालतंय ना?’’

तो तुकडा मी लगेच ओळखला. माझी भुजा तिथेच सगळ्यात देखणी वळली होती.

‘‘चालतं,’’ मी म्हणालो. आवाज कापला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पेन पुन्हा त्याच कागदाकडे नेलं.

‘‘आई, थांबा. त्याला हात लावू नका.’’ उरलेले कागद मी उचलले, पुन्हा पिसले. ‘‘हे उद्या करा. मी घरात नसताना.’’

‘‘आता काय बिघडलं?’’

‘‘माझ्या तोंडाकडे बघून खूण करायची नाही.’’

दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत विद्यापीठात बसून राहिलो. घरी येऊन तुकडे जोडले. भुजा मध्येच तुटली होती आणि पलीकडे तुरळक ढग होते. निबंधातून मी ‘अखंड’ हा शब्द काढला, मग ते सबंध वाक्यच काढलं.