उतरायचं तिकीट

असले अनुभव मी वाचते ते जेवताना, करमणूक म्हणून. खोटं कशाला बोलू! मांजर आडवं गेलं की थांबणाऱ्या माझ्या सासूबाई, मी मांजराला हाकलून पुढे जाणारी. शारजात मांजरं इतकी, की थांबत बसलं तर ऑफिसला पोचणंच व्हायचं नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण लिहिते.

आम्ही इथल्या अल मजाज भागात राहतो, एका जुन्या टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर. मी, नवरा हेमंत, लेक ईरा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. ईरा इथेच वाढली, मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देते. गेल्या जुलैत युरोपला जायचं ठरलं. भाड्याची गाडी घेऊन, स्वतः चालवत, बारा दिवस. सप्टेंबरमध्ये ईरा कॉलेजसाठी बाहेर जाणार, म्हणजे चौघांनी मिळून अशी ही शेवटचीच ट्रिप.

ड्रायव्हिंग हेमंतचं, प्लॅनिंग माझं. मी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत कामांची वेळापत्रकं बनवते, तेच डोकं इथे लावलं. सासूबाईंनी एकच गोष्ट मागितली. मोटारीत काय, इथेही बसतेच म्हणाल्या, मला एकदा आगगाडीतून बर्फ बघायचाय. गुडघ्यांमुळे त्यांना फार चालवत नाही. मी शोधशोध शोधलं आणि ऑस्ट्रियातल्या एका गावातून डोंगरावर चढणारी, दातेरी रुळांची छोटी गाडी सापडली. बावन्न मिनिटं चढ, वर तासभर, बावन्न मिनिटं उतार. वर जुलैतही बर्फ! मंगळवारची दहा पंचवीसची गाडी, खिडकीपाशी समोरासमोर चार सीट्स. तिचे व्हिडिओ मी इतक्यांदा पाहिले की पाठ झाले. सातव्या मिनिटाला बोगदा, विसाव्याला पूल, मग एक लांबलचक बोगदा, आणि बाहेर पडलं की सगळं पांढरं. ईरा वैतागायची. "ममा, इट्स जस्ट अ ट्रेन."

फ्लाइट शनिवारची होती. सासूबाईंच्या पंचांगात मात्र निघायला चांगला दिवस बुधवार. मग त्यांनी प्रस्थान ठेवायचं काढलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — मुहूर्ताच्या दिवशी निघणं जमत नसेल, तर आपली वापरातली एखादी वस्तू, तांदूळ, सुपारी असं बांधून जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण निघालो असं धरतात. पिवळ्या फडक्यात सासूबाईंची हिरवी शाल, माझा स्टोल, हेमंतची टोपी आणि ईराचे मोजे बांधले, आणि तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या नीलमवहिनींकडे ते गाठोडं ठेवून आलो. सासूबाईंनी बजावलं, की प्रस्थान एकदा ठेवलं की माणूस निघाला, ते परत घरात आणायचं नाही. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातंय?

आणि तिघांचे व्हिसा आले, सासूबाईंचा आला नाही. शुक्रवार संध्याकाळपर्यंत मी फोन करकरून थकले... खलास. त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. हेमंत राहतो म्हणाला, पण तिथे गाडी कोण चालवणार? राहिले मीच. शनिवारी वहिनींकडच्या गाठोड्यातून टोपी आणि मोजे काढून घेऊन बापलेक गेले. मी दार लावलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. वर्षभर खपून केलेली ट्रिप, आणि मी बसले फ्लॅटमध्ये गोळ्यांच्या वेळा सांभाळत. सासूबाईंचा राग येत होता, आणि आपल्याला राग येतोय याचीही लाज वाटत होती.

मंगळवारी दुपारी वहिनींचा फोन आला. त्या संध्याकाळी नागपूरला निघणार होत्या, दीड महिना फ्लॅट बंद, तेव्हा गाठोडं घेऊन जा म्हणाल्या. सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. घरी नको आणूस, दुसऱ्या कुणाकडे ठेवू, असं परत परत म्हणत होत्या. गाठोडं घेऊन आम्ही लिफ्टमध्ये शिरलो आणि माझा तोल गेला.

"पुरे आता, आई. तुमच्यापायीच अडकलेय मी इथे."

त्यांनी गाठोडं माझ्या हातातून घेतलं आणि छातीशी धरलं. लिफ्ट वर निघाली, आठच्या पुढे गेली आणि धक्का बसून थांबली. दिवा गेला.

फोन पाहिला. बारा सव्वीस, रेंज नाही. अलार्म दाबला, दार बडवलं, ओरडले. मग वरचा छोटा दिवा लागला. जुलैची दुपार, पंखा बंद, पत्र्याचा डबा. सासूबाईंना दमा आहे आणि पंप वर टेबलावर! त्यांना खाली बसवलं, टेकायला माझे पाय दिले. मनात एकच — या इथे गेल्या, तर मी त्यांना शेवटचं काय बोलले?

थोड्या वेळाने तो दिवाही गेला. अंधारात सासूबाई अगदी सहज म्हणाल्या, "बोगदा आहे. जाईल आत्ता."

दिवा परत आला. मला वाटलं, भ्रमल्या. त्यांना बोलतं ठेवायचं म्हणून मी नीलमवहिनींचं, नागपूरचं काहीबाही विचारत राहिले. त्यांचं लक्षच नव्हतं. जमीन हलकी थरथरत होती, घरघर चालली होती, पण आकडा आठवरच. मी दाराच्या फटीत बोटं घालून ओढत होते. पुढे त्या म्हणाल्या, पूल आला, खाली बघू नकोस. आता व्हिडिओ त्यांनीही माझ्याबरोबर पाहिले होते, तेव्हा हे मी समजू शकते. पुढचं नाही. दिवा पुन्हा गेला, बराच वेळ गेला. आणि गार व्हायला लागलं. सोसाट्याचं गार नव्हे... मुरत जाणारं. भिंतीला पाठ लाववेना, बोटं वळेनात. सासूबाईंनी गाठ सोडली, शाल स्वतः पांघरली, माझा स्टोल माझ्या गळ्यात घातला.

"अडकलीस म्हणालीस ना? बस इथे, माझ्यापाशी," त्या म्हणाल्या. "ही उजवी बाजू. इकडून दिसतं."

मी बसले. अहो, मी बसले! आणि त्यांच्या कुशीत लहान पोरीसारखी रडले. दिवा आला तेव्हा त्या समोरच्या दाराकडे बघून हसत होत्या. त्यांचा श्वास स्वच्छ चालला होता. मला दारच दिसत होतं, दुसरं काही नाही. हे मी शपथेवर सांगते.

लिफ्ट आपोआप चालू झाली आणि चौदाव्यावर जाऊन उघडली. फोनवर एक सतरा. युरोपात तेव्हा अकरा सतरा, म्हणजे त्या गाडीची वर पोचायची वेळ. नातूर, म्हणजे आमचा वॉचमन बशीर, घामाघूम उभा होता. आत डोकावून मागे सरकला.

"मॅडम, अंदर एसी कैसे चालू है?"

आमच्या लिफ्टला एसी नाही.

गाठोडं घरात आलंच. सासूबाई खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "छान होतं गं. पण उतरायचं राहिलं."

संध्याकाळी ईराचा मेसेज आला. "ट्रेन वॉज पॅक्ड, बट नोबडी सॅट इन युअर सीट्स." हेमंत परत आल्यावर मी तिकिटं मागून घेतली. चारही एकत्र स्टेपल केलेली, प्रत्येकाला जायचा आणि यायचा असे दोन भाग. दोन्ही वेळा त्याने तीच चळत तिकीट तपासनिसाच्या हातात दिली होती. चढताना चारही पंच झालीत. उतरताना दोनच. हेमंत म्हणतो, घाईत राहिलं असेल. असेल.

सासूबाई बऱ्या आहेत. दमा उसळलेला नाही. फक्त लिफ्टने खाली चला म्हटलं की येत नाहीत, आणि भर ऑगस्टमध्ये एसी बंद करून, शाल घेऊन खिडकीत बसायच्या. समोरच्या लगूनचं, म्हणजे खाडीचं, पाणी बघत विचारायच्या, खाली गरम असेल नाही? मी त्यांना हसले असते. पण त्या ऑगस्टमध्ये बसस्टॉपवर उन्हात उभी राहूनही मला एकदाही घाम आला नाही. बोटं अजून गार असतात. डॉक्टरांना रक्तात काही सापडलं नाही, आणि ही गोष्ट त्यांना सांगायचं मला धाडस झालं नाही.

काय झालं ते मला आजही सांगता येणार नाही. सांगणारे खूप भेटले, पटलं एकाचंही नाही. आता आम्ही पुन्हा तिकडे जातोय, आणि या वेळी सासूबाईंचा व्हिसा मी सगळ्यात आधी काढलाय. त्या डोंगरावर मागच्या बाजूने मोटारीनेही जाता येतं, रस्ता पाहून ठेवलाय. हेमंत आम्हाला वर सोडेल आणि खालच्या स्टेशनवर येऊन थांबेल.

गाडीची तिकिटं मी दोनच काढलीत, दोन्ही फक्त उतरायची.