फेट्याची वाकळ

जिजीनं कापडाला कधी कात्री लावली नाही. जुन्या लुगड्याची कड दातांत धरायची, एक हिसका द्यायची, की शेवटापर्यंत टर्रर्र. कुणी म्हटलं, जिजी, कात्री घ्या की, तर म्हणायची, "कात्रीनं राग जात न्हाई." राग कुणावरचा, हे केज तालुक्यातल्या आमच्या त्या गावात कुणाला विचारावं लागत नसे. चार घरं सोडून, ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाचं घर होतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाया तान्ही लेकरं पाटीत घालून फडाच्या कडेला, ट्रॉलीच्या सावलीत ठेवतात. त्या पाटीत बरोबर बसेल अशी लहानशी गोल वाकळ, जुन्या कापडाची गोधडी, जिजी शिवायची. वरचा पदर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या कापडाचा. धुऊन धुऊन ते मऊ झालेलं असतं, आणि त्या माणसाचं आयुष्य लेकराला लागतं म्हणतात. जिजीची अट एकच होती. लेकरू पायावर उभं राहिलं की वाकळ तिला परत आणून द्यायची. अशा कितीतरी वाकळी तिच्या पत्र्याच्या पेटीत होत्या. नवी आली की ती झटकायची, घडी घालायची आणि म्हणायची, "हे बी जगलं." आनंदानं नाही. समोर कुणी उभा आहे आणि त्याच्या तोंडावर फेकून मारतेय, असं म्हणायची. त्या पेटीत माझीही वाकळ होती. मी जगले त्यात तिच्या टाक्यांचा वाटा आहे, असं माझी आई सांगायची आणि मी ते मानते.

तिचं स्वतःचं लेकरू जगलं नव्हतं. फडावर त्याला ताप भरला. दवाखाना तालुक्याच्या गावाला, जाणारी जीप रस्त्यावर उभी. मुकादम म्हणाला, "ट्रॉली भरल्याबिगर कुणी हलायचं न्हाई." ट्रॉली भरेपर्यंत पाटीतलं रडणं थांबलं होतं. तिथंच परक्याच्या बांधाला पुरलं. पुढं गावात मुकादम म्हणत राहिला, मी असं बोललोच नव्हतो, बाईचं डोकं फिरलंय. जिजीला दुःखापेक्षा हे जास्त लागलं. "लेकरू नेलं ते नेलं," ती म्हणायची, "वर माझ्या कानाला खोटं पाडतो."

मग मुकादमाच्याच सुनेचं पहिलं बाळ गेलं आणि दुसऱ्या खेपेला ती पोटुशी असताना जिजीच्या दारात येऊन बसली. मी आठवीत शाळा सोडून जिजीजवळ शिवण शिकत होते, तेव्हा हे समोरच घडलं. जिजीनं तिला पाणी दिलं. "तुझं माझं काय वैर न्हाई, पोरी. पर कापड तुझ्या सासऱ्यानं आणून द्यायचं. सोता."

आठ-पंधरा दिवसांनी मुकादम आला. हातात जुनं धोतर.

"घ्या वैनी. लई मऊ हाय."

"धोतर नगं. डोक्यावरचं द्या."

"फेटा? कावून?"

"नातवाला आयुष्य तुमचं लागावं का धोतराचं?"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि फेटा उतरवला. जिजीनं कड दातांत धरली आणि त्याच्या डोळ्यांदेखत पार टोकापर्यंत फाडला. गुलाबी फेटा अगदी वर लावला, जिथं लेकरू मुततं तिथं. तो गेल्यावर मी विचारलं, "फडावरचं ते बोलणं आत्ताच का नाही वदवून घेतलं त्याच्याकडून?" तिनं सुई माझ्याकडं रोखली. "लेकराच्या वाकळीवर सौदा करत नस्त्यात." टाके मात्र तिनं कधी नव्हे इतके बारीक घातले. पोराला कुठं टोचायला नको.

पोरगं जगलं. उभं राहिलं. सून वाकळ परत घेऊन आली तेव्हा गुलाबी रंग जाऊन पिवळट डाग उरले होते. जिजी "हे बी जगलं" म्हणाली नाही. पेटीतही ठेवली नाही. खुंटीला अडकवून वाट पाहत राहिली.

सरपंचपदाला मुकादम उभा राहिला. प्रचाराची फेरी आमच्या गल्लीत यायच्या दिवशी सकाळीच जिजीनं ती वाकळ धुतली आणि रस्त्याच्या कडेच्या दोरीवर टाकली. हलगी वाजत आली. पुढं नव्या फेट्यातला मुकादम. एका पोरानं विचारलं, "जिजी, ही कुणाची गं?" जिजी म्हणाली, "मुकादमाच्या डोक्यावरची. नातवानं लई दिवस भिजवली." बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हलगीवाल्याचाही हात थांबला.

"काढ ते," मुकादम दबक्या आवाजात म्हणाला.

"त्या दिवशी फडावर काय म्हनला होता तुमी, ते म्हना."

"वैनी, मानसं हायत."

"मानसं हायत म्हनूनच."

मुकादमानं दोरीकडं पाहिलं, मग जमलेल्या बायांकडं. शेवटी मान खाली घालून, पण ऐकू जाईल असं, तो म्हणाला, "ट्रॉली भरल्याबिगर कुणी हलायचं न्हाई."

"आता काढ ते," त्यानं दोरीकडं बोट केलं.

जिजीनं वाकळीला हात लावून पाहिला. "वल्ली हाय अजून. वाळली की काढते."

संध्याकाळी मी तिला म्हटलं, "बोलला ना तो. आता तरी मन शांत झालं?" ती म्हणाली, "माझं लेकरू तितंच हाय, बांधाला. मन कशानं शांत व्हतंय? पर आता मला कुणी येडी म्हननार न्हाई."

तोडीच्या हंगामात, गाव निम्मं रिकामं असताना ती गेली. मी इथं सुरतेला शिलाईच्या कारखान्यात होते, सुट्टी मिळाली नाही. पेटीतल्या वाकळी ज्यांच्या त्यांनी ओळखून नेल्या. फेट्याची कुणी नेईना, ती आईनं मला पाठवून दिली. लोक म्हणतात, जाताना तरी तिनं मुकादमाला माफ करायचं होतं. मी तसं म्हणत नाही. इथं सुपरवायझर आम्हा बायांना वाटेल ते बोलतो. काम जाईल या भीतीनं मी मान खाली घालून मशीन चालवत राहते. पण तो जे बोलतो ते मी मनात जसंच्या तसं धरून ठेवते. उद्या तो म्हणाला, मी असं बोललोच नव्हतो, तर मला एकही शब्द आठवायला थांबावं लागणार नाही.