साहेबाच्या पदकाशेजारचा अर्ज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — कुठल्या तोंडाने सांगू?

२०१६चा हिवाळा. कॅनडात, मिसिसागाला, मार्गारेट आजींच्या बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहायचे. बर्फ पडायला लागला की वरून हाक यायची, "कम अप, इंजिनिअर! केटल दुरुस्त करायची नाहीये, चहा प्यायचाय!" मी खरंच इंजिनिअर, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. तो मान मला आवडायचा — का नाही आवडणार?

खिडकीबाहेर सगळं पांढरं, निःशब्द. आत चहा, आणि आजींच्या आजोबांच्या गोष्टी — ते इंग्रजांच्या फौजेतले इंजिनिअर, सह्याद्रीत डोंगर फोडून रस्ता काढणारे. त्याबद्दल मिळालेलं पदक भिंतीवर. आजी बोलत राहायच्या आणि मला वाटायचं, तो रस्ता बर्फातूनच निघून आमच्या गावाकडे उतरतोय.

एकदा त्यांनी पिवळा पडलेला कागद पुढ्यात ठेवला. मराठी. खाली अंगठेच अंगठे. "थँक यू लेटर आहे ना, डिअर?"

मी वाचलं. अर्ज होता तो. सुरुंगांनी आमच्या वस्तीची विहीर आटली. बाया कोसभरावरून पाणी आणतात. एक गरोदर बाई वाटेतच गेली. मायबाप साहेबांनी दुसरी विहीर खोदून द्यावी. हा तिसरा अर्ज आहे.

दहावीपर्यंत मीही डोक्यावर हंडे वाहिलेत. इतक्या वर्षांनी त्या माणसांचं गाऱ्हाणं वाचणारं कुणी भेटलं — आणि कोण? मी.

मी म्हटलं, "हो. रस्त्याबद्दल आभार मानलेत. साहेब देवमाणूस, असं लिहिलंय."

देवमाणूस! एवढं तर त्यांनी विचारलंही नव्हतं. भीती होती का? नाही. खोली गेली नसती. मला त्या उबेत त्यांच्यातलीच होऊन बसायचं होतं — एवढंच.

त्यांनी भाषांतर लिहून घेतलं, अर्जासोबत फ्रेम करून पदकाशेजारी लावलं. खाली माझं नाव, डिग्रीसकट. डिग्री घाला, असं मीच सांगितलं.

दोन वर्षांनी, हॉस्पिटलमध्ये, शेवटच्या आठवड्यात आजींनी ती फ्रेम मागवली. डोळे मिटून म्हणाल्या, "मराठीतच वाच. मला त्या लोकांचा आवाज ऐकायचाय."

आता खोटं बोलायची गरजच नव्हती. खोलीत मराठी कळणारं दुसरं कुणी नव्हतं. समोर अर्ज होता — जसा आहे तसा वाचायचा, बस.

मी मराठीतही आभारच मानले. एकदाही न अडखळता.