रेन्झोसाहेबांची घरची बोली

राज्याच्या सीमेवरच्या वेवजी गावच्या लाहूची इको गाडी आहे. दोन वर्षांपूर्वी उंबरगावच्या एका कारखान्यात परदेशी मशीन आलं आणि ते बसवायला आलेल्या फिटरला बोर्डीच्या लॉजवरून रोज ने-आण करायचं काम लाहूला मिळालं. पाच आठवड्यांचं. माणूस साठीचा, टकला, बोटांवर ग्रीसचे न जाणारे डाग. नाव रेन्झो. भारतात त्याच्या बऱ्याच फेऱ्या झालेल्या, त्यामुळे मोडकीतोडकी हिंदी यायची. लाहूचीही हिंदी तशीच, म्हणून दोघांचं जमलं.

पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीवर टपरीवाला म्हणाला, "लाहू, हा अंग्रेज कुठून आणलास?"

गोरा तो अंग्रेज, असंच लाहूलाही वाटत होतं. पण तो शब्द रेन्झोला कळला.

"अंग्रेज नाही, इटालियन," तो म्हणाला. "इंग्रजी मला तुमच्याइतकीच येते."

"असं होय, इराणी! डहाणूला चिकूच्या वाड्या आहेत की त्यांच्या," टपरीवाला म्हणाला. त्याला इटली समजावता समजावता दोघांचा चहा निवला.

गाडीत मग तोच विषय निघाला. सीमेपलीकडच्या पाट्या गुजराती, म्हणून रेन्झोने विचारलं, "तू गुजराती?"

"नाही साहेब, मराठी."

"घरीपण मराठीच बोलता?"

हे लाहूला आजवर कुणी विचारलं नव्हतं. कचेरीत तो जपून मराठी बोलायचा, वाडीच्या शेठशी गुजराती. वारली बोली उंबऱ्याच्या आत. कुणी बाहेरचं घरी आलं की तो आईला, शुक्रीला, डोळ्यांनी गप्प करायचा. लोक हसतात म्हणून.

"घरी वारली," तो म्हणाला. "पण ती काही भाषा नाही."

"कोण म्हणतं?" रेन्झो त्याच्याकडे वळून बसला. "माझ्या पासपोर्टवर इटालियन लिहिलंय. पण माझ्या आजीला इटालियन येतच नव्हती. आमच्या डोंगरातल्या गावाची बोली निराळी. शाळेत ती तोंडातून निघाली की मास्तर हातावर पट्टी मारायचे. आम्ही आमच्या पोरांना ती शिकवलीच नाही. आता गावात बोलायला आम्ही म्हातारेच उरलोत."

शनिवारी लाहूने रेन्झोला दुसऱ्या दिवशी घरी जेवायला बोलावलं.

रविवारी लाहूच्या बायकोने, दक्षाने, नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण केलं. शुक्री ओटीवर बसली होती. सवयीने तिने लाहूकडे पाहिलं. लाहू म्हणाला, "बोल आये, बोल."

म्हातारीने वारलीत विचारलं, पोरं किती? रेन्झोने आपल्या डोंगरातल्या बोलीत काहीतरी सांगितलं आणि तीन बोटं दाखवली. बायको? त्याने हात वर आभाळाकडे केला. शुक्रीने दक्षाच्या हातातली भाकरी घेऊन स्वतःच त्याच्या ताटात वाढली. त्यानंतर दोघं तासभर बोलत होती, ती तिच्या बोलीत, तो त्याच्या. मधे मधे हसतही होती. लाहूला काही सांगावं लागलं नाही.

मशीन लागलं, रेन्झो गेला. शुक्री मात्र बोलायची थांबली नाही. ग्रामसेवक येवो, शाळेचे गुरुजी येवोत, ओटीवर बसून ती आपल्या बोलीत चौकशी करायची आणि लाहू समोरच्याला मराठीत सांगायचा. कुणी हसलंच, तर तो आणखी सावकाश सांगायचा.

गेल्या पावसाळ्यात शुक्री गेली. दिवसकार्य झाल्यावर लाहूने रेन्झोला फोन लावला.

"साहेब, तुम्ही आलात म्हणून आये दीड वर्ष मोकळेपणी बोलली. नाहीतर मी तिला गप्पच ठेवली असती."

पलीकडून रेन्झो हळू आवाजात त्याच्या आजीच्या बोलीत बोलू लागला. लाहूला त्यातला एकही शब्द कळला नाही. मध्येच थांबवावं असं त्याला वाटलं नाही.