हबशी हलव्याचं नाव

चाकणच्या आमच्या कंपनीत इथिओपियाचा एक इंजिनिअर ट्रेनिंगला आला आणि आठवडाभरात माझा दोस्त झाला. त्याला आपल्याकडचं सगळ्यात भारी काहीतरी खाऊ घालायचंच, म्हणून मी पिंपरीतून माझा लाडका हलवा आणला. दूध, गहू, तूप, आणि आटवून आटवून काळाभोर केलेला. कॅन्टीनमध्ये त्यानं नाव विचारलं आणि मी उत्साहाच्या भरात सांगून बसलो, "हबशी हलवा."

त्याचा हात डब्यावरच थांबला. "मी राहतो तिथे निघोज्यात, टपरीवर मला 'हबशी' म्हणूनच हसतात," तो म्हणाला.

शेजारचा सुपरवायझर पुटपुटला, "राव, हलव्याच्या आधी माती खाल्ली तुम्ही."

जन्मभर काउंटरवर हेच नाव ठणकावून घेत मी हलवा मागत आलो होतो. मी माफी मागितली. त्यानं एक तुकडा उचलला. "हलवा घेतो. नाव तुझ्याकडेच ठेव."

रविवारी तो स्वतःच माझ्याबरोबर दुकानात आला. दुकानदार चाचांनी "कोणता देऊ, हब..." म्हणताच मी "तो काळा, दुधाचा!" असा ओरडलो की अख्खं दुकान वळून बघायला लागलं. तो मात्र हसत म्हणाला, "दोन किलो."