मामांचे कोरे रकाने

माझ्या मामांनी चौदा वर्षं अळ्या मोजल्या. "तुझा भाऊ काय करतो गं?" असं कुणी विचारलं की आई मान वर करून सांगायची, "वनसंशोधन खात्यात असतो." खात्यात म्हणजे खात्याच्या रानात. मामा तिथले रखवालदार होते.

काम साधं होतं. फांदीखाली पांढरी चादर धरायची, काठीने फांदीवर सात तडाखे द्यायचे आणि पडलेल्या अळ्या मोजून तक्त्यात लिहायच्या. दर आठवड्याला तीच झाडं. रानाचे दोन तुकडे होते. एकात इमारती लाकडाची एकाच जातीची झाडं, ओळीत उभी. दुसऱ्यात तीच झाडं, पण मधेमधे नाना जातींची सरमिसळ. पहिल्या तुकड्यात अळ्या मोजून मामांची मान अवघडायची. दुसऱ्यात चादर निम्म्या वेळा पांढरीच राहायची.

"शेजारी कोण, त्यावर अळीचं पोट ठरतं," मामा सांगायचे. "शेजारी भाऊबंद असला की तिची चंगळ. या झाडावरून त्या झाडावर, सगळं आपलंच. परका असला की तिला वास सापडत नाही, वाट सापडत नाही. शिवाय पाखरं, गांधीलमाश्या टपलेल्या असतातच." हे त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं. चौथीनंतर पुस्तकांशी त्यांचं वाकडंच होतं.

साहेबांचे उंबरे झिजवून त्यांनीच मला खात्यात टायपिस्ट म्हणून चिकटवलं. मामांचे जुने-नवे तक्ते संगणकावर चढवायचे, हे माझं काम. मिश्र तुकड्याच्या तक्त्यांत निम्मे रकाने कोरे असायचे. कोरा रकाना दिसला की 'पाहणी नाही' असं टाकायचं, हा नियम. मी टाकत गेलो. वर्षभराने एकदा जेवताना सहज विचारलं.

"मामा, एवढे रकाने कोरे का सोडता?"

"अरे, अळीच नाही तर लिहू काय? नाही त्याचं काय लिहायचं असतं?"

मी घास ताटात ठेवला. तिथे शून्य हवं होतं, आणि मी बारा वर्षांचे तक्ते चढवून मोकळा झालो होतो. साहेबांना सांगावं तर ते म्हणणार, वर्षभर झोपला होतास का? माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी ताट संपवलं, हात धुतले आणि मामांनाही शून्य लिहायला सांगितलं नाही. पुढची दोन वर्षंही मामा रकाने कोरे सोडत राहिले आणि मी 'पाहणी नाही' टाकत राहिलो.

मग वरून हुकूम आला. मिश्र तुकड्याचा फायदा आकड्यांत दाखवा, नाहीतर तो तोडून तिथेही एकाच जातीची लागवड करा. साहेबांनी मामांना बोलावून माझा छापील अहवाल त्यांच्यापुढे टाकला.

"निम्म्या वेळा तुम्ही तिकडे फिरकलाच नाहीत."

"गेलो होतो साहेब. अळ्याच नव्हत्या. तेच तर सांगतोय इतकी वर्षं."

"कागदावर कुठे आहे?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी की-बोर्डवरची धूळ पुसत होतो. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. याची लाज मला आजही वाटते. तिचा कुणाला उपयोग नाही, ती गोष्ट वेगळी.

आठ दिवसांत तुकडा भुईसपाट झाला. मामांना कामचुकार ठरवून घरी बसवलं. मी कायम झालो. तिसऱ्या वर्षी अळ्यांनी नवी लागवड शेंड्यापर्यंत खाल्ली. तोवर साहेबांची बदली झाली होती आणि मामांचं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं.

परवा बऱ्याच महिन्यांनी त्यांच्याकडे गेलो. मामा खिडकीशी बसले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने रोजच्या चौकटीत शून्य काढलेलं होतं. ओळीच्या ओळी.

"हे काय, मामी?"

"कोणी भेटायला आलं की आकडा, नाही आलं की शून्य. म्हणतात, आता काहीच कोरं सोडायचं नाही."

मामा हसत उठले. "बरं झालं आलास," म्हणाले आणि पेन्सिल घेऊन कॅलेंडरपाशी गेले. मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. जेवताना कळलेलं, नोकरीसाठी गिळलेलं, सगळं.

 मामांनी भिंतीकडे वळून आजच्या चौकटीत शून्य काढलं आणि पेन्सिल जागेवर ठेवली.