सुषमाताईंच्या वाणाचं काय झालं

मागच्या संक्रांतीले सुषमाताईंनी हळदीकुंकवात प्रत्येकीले ऑर्किडची कुंडी वाण दिली. स्टीलची वाटी दिली असती तं बरं झालं असतं, वाटी कोणाच्या हातून मरत नाही. पण फुलं गळली अन् भिलाईत स्मृति नगरापासून हुडको कॉलनीपर्यंत आमच्या बायकांची अक्कल घरोघरी उघडी पडली. आता दोघी भेटल्या की एक नवा किस्सा निघतोच.

*

कुलकर्णीबाईंनी कुंडीत पाहिलं तं नुसत्या झाडाच्या साली. दुकानदारानं कचरा भरला म्हणून त्या फेकल्या अन् शेणखताची काळी माती ठासून भरली. मुळं सडली. मी सांगितलं की बाई, याच्या मुळांले हवा लागते. तं मलेच म्हणे, "आम्ही शेतीवाल्या घरच्या आहो!"

शेती कधीच वाटण्यांत गेली. अक्कलही तेव्हाच गेली असेल.

*

हुडकोतल्या माधुरीनं कुंडी मे महिन्यात गच्चीवर नेली. म्हणे, फुलं देऊन थकलं बिचारं, उन्हानं ताकद येईल. भिलाईचं ऊन! संध्याकाळी पानं उकडलेल्या पालकासारखी पडली होती.

*

रेखाले ड्रॉइंगरूममध्ये बोडका दांडा नको होता. तिनं त्याले प्लास्टिकची फुलं बांधली. दिवाळीले नणंद आली, म्हणे, तुझं ऑर्किड अजून कसं टिकलं गं? रेखा म्हणे, रोज प्रेमानं बोलावं लागते.

नणंद आता नेहरू नगरात कुंडीशी बोलून राहिली.

*

अन् खुद्द सुषमाताई! त्यांनी आपली कुंडी गेटबाहेर कचऱ्याच्या डब्याशी टाकली. "नुसतं वाळकं ठूंठ आहे, फेका," म्हणे. ती आमच्या ह्यांनी उचलून आणली.

हे स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यापासून कोणाशी धड बोलत नव्हते. जेवायले उठवावं लागायचं. त्या कुंडीसाठी मात्र सकाळी आपणहून उठू लागले. वाळला दांडा छाटला, सडकी मुळं कापली, उन्हाच्या आड कूलरजवळ जागा केली. बोट घालून पाहायचे, साली वाळल्या असल्या तरच पाणी. नवं मूळ फुटलं की मले हाक मारून दाखवायचे. खरं सांगते, मले माझा माणूस परत मिळाला होता.

यंदा संक्रांतीच्या तोंडावर पांढरी फुलं उमलली. सुषमाताई हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या अन् दारातच थबकल्या.

"अय्या, काठाचा टवका बघा, ही तं आमचीच! वाणाच्या टेबलावर छान दिसेल. ड्रायव्हरले पाठवते."

माझं डोकं सणकलं. कचऱ्यात टाकलेलं परत मागायले लाज कशी वाटत नाही, असं ओठावर आलंच होतं. ह्यांनी हातानं मले थांबवलं. आतून कैची आणली, फुलांचा अख्खा दांडा बुडाशी कापला अन् सुषमाताईंच्या हातात दिला.

"घ्या ताई. तुमचं एवढंच होतं."

अन् कुंडी उचलून आत नेली.